भुयारातून साताऱ्याकडे : ‘ओट्रँटोचा किल्ला’ दुसऱ्यांदा वाचताना

आजचा धागा एका इंग्रजी कादंबरीपासून निघतो आणि अजिंक्यताऱ्यावर पोहोचतो. वाट थोडी लांबची आहे, सवडीने यावे.

दहावीची परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी मी सांगलीत मामांकडे काढली. गावभागातले जुने घर, माळ्यावर पुस्तकांची ट्रंक, आणि त्या ट्रंकेत होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’. शे-सव्वाशे पानांचे पुस्तक. इंग्रजी अर्धेमुर्धेच कळत होते. पण लग्नाच्या दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण वरून कोसळते आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो, एवढे समजायला शब्दकोश लागत नाही. दोन दुपारींत पुस्तक संपवले. पुढचे चार दिवस रात्री परसाकडे जाताना मामांना दारात उभे करत असे.

ती प्रत आता नाही. २०१९च्या महापुरात मामांच्या घरात छातीभर पाणी आले, ट्रंक वर चढवायची राहून गेली. सांगली नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तके त्याच पाण्यात भिजली. आमच्या एका ट्रंकेचे दुःख त्यापुढे काय सांगावे? गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात असताना दुसरी प्रत मिळवली आणि पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा वाचली. खिडकीतून समोर अजिंक्यतारा दिसत होता, बराचसा ढगात बुडालेला. कदाचित त्यामुळेच असेल, पण या खेपेस शिरस्त्राणाकडे माझे लक्ष फारसे गेले नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक. इटलीतल्या ओट्रँटोचा अधिपती मॅनफ्रेड. त्याचा एकुलता मुलगा कॉनराड लग्नाच्या दिवशी मरतो. वंश बुडेल या भयाने मॅनफ्रेड आपली पत्नी हिपोलिटा हिला सोडून, मुलाची वाग्दत्त वधू इझाबेला हिच्याशी स्वतःच लग्न करू पाहतो. इझाबेला किल्ल्याच्या तळघरातून भुयाराने चर्चकडे पळते. अंधारात तिला थिओडोर नावाचा एक शेतकरी तरुण मदत करतो. पुढे तसबिरीतून आजोबा उतरून चालू लागतात, पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते, आणि अखेरीस किल्ल्याच्या भिंती कोसळून खरा वारस जाहीर होतो : तोच शेतकरी तरुण.

सोळाव्या वर्षी मला यात फक्त भुयार दिसले होते. आता दिसले ते असे : संपूर्ण कादंबरी एका बनावट मृत्युपत्रावर उभी आहे. मॅनफ्रेडचा आजोबा रिकार्डो हा मूळ अधिपती अल्फान्सोचा कारभारी. त्याने धन्यावर विषप्रयोग केला आणि खोटे मृत्युपत्र पुढे करून गादी घेतली. म्हणजे भुताखेतांच्या पसाऱ्याखाली प्रश्न एकच : गादी कोणाची, आणि कोणत्या कागदाच्या बळावर? इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून ओळखीचा प्रश्न कोणता?

गंमत अशी की हे पुस्तक स्वतःच एक बनावट कागद होते. २४ डिसेंबर १७६४ रोजी पहिली आवृत्ती निघाली, पाचशे प्रतींची. तिच्यावर वॉलपोलचे नाव नव्हते. प्रस्तावनेत सांगितले होते की इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात १५२९ साली नेपल्समध्ये छापलेले एक पुस्तक सापडले. मूळ लेखक ओनुफ्रिओ मुराल्टो नावाचे एक धर्मगुरू, अनुवादक विल्यम मार्शल. दोन्ही नावे कल्पित. १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने कबुली दिली आणि मुखपृष्ठावर ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षक घातले. पहिल्या आवृत्तीला जुनी वस्तू म्हणून मान देणाऱ्या एका नियतकालिकाने, लेखक जिवंत असून लंडनजवळ राहतो हे कळल्यावर, त्याच मजकुराला झोडपले. मजकुरात तर काही बदलले नव्हते. बदलले होते फक्त कागदाचे वय!

आता १७६४ हे साल आपल्या बाजूने पाहू. पानिपत होऊन तीन वर्षे झाली आहेत. नानासाहेब पेशवे १७६१च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, महाराणी ताराबाई साताऱ्यात वारल्या. वॉलपोल इंग्लंडात कल्पनेचा किल्ला रचत होता, तेव्हा आमच्या किल्ल्यावरची तशीच गोष्ट नुकती संपली होती. तिथे भूत नव्हते. बाकी सारे होते.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. शेवटच्या काळात त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या दोन याद्या नानासाहेबांकडे होत्या. राज्याचा कारभार पेशव्यांनी पूर्वीप्रमाणे चालवावा आणि वारस कोल्हापुराहून आणू नये, असा त्यांचा आशय. मराठी राज्याचे गुरुत्वमध्य साताऱ्याहून पुण्याकडे सरकले, त्याला आधार या दोन कागदांचा. याद्या बनावट होत्या असे मी सुचवत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण मृत राजा, कारभारी आणि एक कागद ही त्रयी ओट्रँटोत वाचून झाल्यावर साताऱ्यात भेटली, की माणूस क्षणभर थबकतो एवढेच.

वारस कुठून आला? ताराबाईंनी सांगितले की आपला नातू जिवंत आहे. पन्हाळ्यावरून लहानपणीच त्याला गुप्तपणे बाहेर काढून वाढवले आहे. हे रामराजे. त्यांना बार्शीजवळच्या पानगावाहून साताऱ्यास आणले गेले आणि जानेवारी १७५० मध्ये राज्याभिषेक झाला. लपवलेला राजपुत्र, अज्ञातवास, वृद्ध आजीचे साक्षीपण : कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण ‘फारच जमवून आणले’ म्हणून नाक मुरडले असते. त्या वेळीही लोकांनी मुरडलेच. ग्रँट डफने नोंदवले आहे की शंका फिटावी म्हणून ताराबाईंनी सर्वांसमक्ष रामराजांबरोबर जेवून, त्या अन्नाची शपथ घेऊन, हा माझाच नातू असे सांगितले.

वर्ष पुरे व्हायच्या आत चित्र पालटले. ताराबाईंची अपेक्षा होती की नव्या छत्रपतींनी पेशव्यांना आवरावे. रामराजांनी उलट सांगोल्याच्या व्यवस्थेत पेशव्यांच्या हाती कारभार दिला. त्यानंतर नोव्हेंबर १७५० मध्ये चंपाषष्ठीच्या निमित्ताने ताराबाईंनी नातवाला किल्ल्यावर बोलावले आणि कैदेत टाकले. किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी सांगितले की हा आपला नातू नव्हेच. हा गोंधळ्याचा मुलगा, बदलून दिलेला.

दमाजी गायकवाड पंधरा हजार फौजेनिशी त्यांच्या मदतीस आले. वेण्णेच्या काठी पेशव्यांच्या फौजेने त्यांना हटवले आणि १७५१च्या उन्हाळ्यात दमाजी कैदेत पडले. किल्ला मात्र ताराबाईंनी सोडला नाही. शेवटी समेट झाला. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथक्रिया झाली, आणि तिथे ताराबाईंनी रामराजे आपले नातू नसल्याचे पुन्हा सांगितले.

इथे थोडे थांबू. एक शपथ अन्नाची, दुसरी खंडोबाची. पहिली खरी तर दुसरी खोटी. दुसरी खरी तर पहिली खोटी. दोन्ही शपथा एकाच व्यक्तीच्या, आणि दोन्ही वेळा समोर राज्यातले जबाबदार लोक बसलेले. ओट्रँटोत ही अडचण येत नाही. तिथे फादर जेरोमला थिओडोरच्या खांद्यावर रक्तरंगी बाणाची खूण दिसते आणि बाप-लेकाची ओळख पटते. साताऱ्यात कोणाच्या खांद्यावर काही नव्हते. इतिहासात अशी खूण सहसा नसतेच; शपथा असतात, आणि शपथ घेणाऱ्याचा त्या दिवशीचा फायदा-तोटा असतो.

आणखी एक गोष्ट लहानपणी टोचली नव्हती, आता टोचते. वॉलपोल थिओडोरला शेतकरी दाखवतो, पण वाचकाला पहिल्यापासून कळावे अशी सोय करतो की हा ‘तसला’ शेतकरी नाही. त्याची ऐट, त्याचा शब्द, सगळे उमरावाचे. रक्त बोलते, असा त्याचा सिद्धांत. आमच्याकडे त्याच सिद्धांताची दुसरी बाजू दिसते. राजाला पदच्युत ठरवायचे तर त्याने कोणता गुन्हा केला हे सांगण्याची गरज नाही. ‘गोंधळ्याचा पोर’ म्हटले की पुरे. भवानीचा गोंधळ घालणाऱ्याविना ज्या घराण्यांत मंगलकार्य पुरे होत नाही, तिथे त्याचेच नाव शिवीसारखे वापरले गेले. या मुद्द्यावर इतिहासाच्या पुस्तकांनी क्वचितच शब्द खर्च केले आहेत.

कोठडीचे वर्णनही डफनेच दिले आहे : दगडी, ओलसर, रोगट खोली आणि जाडेभरडे अन्न. हे वाचताना ओट्रँटोची आठवण होतेच, पण सावध व्हायला हवे ते इथेच. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास होता, दरबारचे कागद त्याला पाहायला मिळाले, आणि त्याचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे घटनेनंतर तीन पिढ्यांनी. मधल्या काळात इंग्लंडात गॉथिक कादंबऱ्यांचे पीक आले होते. क्लॅरा रीव्ह झाली, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘उडोल्फो’ १७९४ साली येऊन घराघरांत पोहोचली. डफने त्या वाचल्या की नाही यावर मी पैज लावणार नाही. परंतु त्या पिढीच्या इंग्रजाला ‘किल्ला, दुष्ट वृद्धा, ओली कोठडी’ हे चित्र आधीच पाठ होते, आणि पाठ असलेले चित्र समोर दिसू लागणे सोपे असते. रामराजे कैदेत होते हे निर्विवाद. भिंत किती ओली होती, हे मी डफच्या शब्दावर मान्य करायला कचरतो.

आणि आता ताराबाई. सोळाव्या वर्षी ही हकीकत मला कोणी सांगितली असती तर त्यांना मी थेट मॅनफ्रेडच्या जागी बसवले असते. पण हकीकत १७५० पासून सुरू केली तरच ते जमते. जरा मागे चला. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले, तेव्हा ताराबाईंचे वय पंचवीस. त्याच वर्षी औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले. ताराबाईंच्या माणसांनी तो परत मिळवला. अजिंक्यतारा हे नाव त्यानंतरचे. म्हणजे ज्या किल्ल्याचे दरवाजे त्यांनी १७५० मध्ये बंद केले, तो त्यांनी ऐन तारुण्यात बादशहाकडून सोडवलेला होता. सात वर्षे त्या औरंगजेबाशी लढल्या. १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि गादीचा वाद पेटला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या. १७१४ मध्ये तिथल्या राजवाड्यातच उठाव झाला. सवत राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला, आणि ताराबाईंना मुलासह कैद झाली.

त्या कैदेतच १७२६ साली त्यांचा मुलगा शिवाजी वारला. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने संभाजीराजांचा पराभव केला तेव्हा ताराबाई साताऱ्याला आल्या. मानाने ठेवल्या गेल्या, पण नजरेखालीच. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन गाद्यांमधली हद्द ठरली. मामा आम्हांला संध्याकाळी हरिपूरला न्यायचे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथे बसून भेळ खाताना, समोरून येणारे हे दुसरे पाणी कधीकाळी दोन राज्यांमधली रेघ होते, याचा आम्हांला पत्ताही नव्हता.

हिशेब करा. १७१४ ते १७४९ : पस्तीस वर्षे ही बाई या ना त्या पहाऱ्यात होती. गॉथिक कादंबरीत कोंडणारा एक असतो आणि कोंडलेली दुसरी. दोघांची अदलाबदल होत नाही. इथे मात्र कोंडलेली स्त्रीच पुढे कोंडणारी झाली. याने रामराजांवरचा अन्याय कमी होत नाही. चोविसाव्या वर्षी गादीवर आलेला तो तरुण पुढची अकरा वर्षे आजीच्या हयातीत कैदेतच राहिला. पण ‘सत्तापिपासू म्हातारी’ या दोन शब्दांत ताराबाईंना गुंडाळणाऱ्या पोस्ट आपल्या फीडवर अधूनमधून फिरतात, आणि दुसऱ्या बाजूने १७०७ नंतरचे पानच न उघडता त्यांची केवळ आरती करणाऱ्याही फिरतात. दोघांनीही निम्मीच गोष्ट वाचलेली आहे.

ओट्रँटोत हिपोलिटा नावाची राणी आहे. नवरा टाकून द्यायला निघाला तरी ती मान खाली घालून त्याची आज्ञा शिरोधार्य मानते. लहानपणी ती मला थोर वाटली होती. या खेपेस तिची पाने वाचताना फार अवघडल्यासारखे झाले. शाहूंच्या राणी सकवारबाई आठवल्या. त्यांचा पेशव्यांना विरोध होता, शाहूंच्या मागे त्या सती गेल्या, आणि त्यांना त्या वाटेने ढकलल्याचा ठपका डफने नानासाहेबांवर ठेवला आहे. त्या डिसेंबरात साताऱ्याच्या राजवाड्यात दोन स्त्रिया पेशव्यांच्या वाटेत उभ्या होत्या. एक चितेवर गेली, दुसरीने किल्ला धरला. दुसरीलाच खलनायिका ठरवताना आपण नकळत पहिलीकडून काय अपेक्षित धरतो, हे स्वतःला विचारून पाहावे.

शेवटाबाबत तर ओट्रँटो आणि सातारा यांचा मेळच बसत नाही. तिथे भिंती गडगडतात, सत्य उघड होते, मॅनफ्रेड मठात जातो. इथे भिंती पडाव्यात अशी निकड कोणालाच नव्हती. ताराबाईंना बंदी हातात हवा होता. पुण्यालाही छत्रपती किल्ल्यावर असण्याने फारसे अडत नव्हते. कारभार चालूच होता. रामराजांचा कोंडमारा सैल झाला तो ताराबाई गेल्यानंतर, माधवराव पेशव्यांच्या काळात. सत्ता त्यांच्याकडे कधीच आली नाही. वावीच्या भोसल्यांच्या घरातून त्यांनी दत्तक घेतला, तो दुसरा शाहू. आणि १७७७ मध्ये रामराजे वारले.

आता थोडे मराठी कादंबरीविषयी. हे सगळे घरचे असताना आमच्या पहिल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या कुठे फिरत होत्या? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. कल्पित राजे, छळलेल्या नायिका, कारावास, वेषांतर, शेवटी मीलन. मागोमाग इंग्रज लेखक रेनॉल्ड्सची रूपांतरे आली. खऱ्या इतिहासाच्या भूमीवर कादंबरी उतरली ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’मध्ये, १८७१ साली, पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून तिला भर दिला. समीक्षकांनी ‘मुक्तामाला’ पिढीची पुष्कळ थट्टा केली आहे, आणि ती मला सरसकट पटत नाही. अंधारी कोठडी, हिरावलेली मालमत्ता, परक्याच्या घरात अडकलेली स्त्री : १८६०च्या दशकातल्या मराठी घरातल्या वाचकाला यात फक्त स्वप्नरंजन दिसत असेल असे कसे मानावे?

याच काळातली दुसरी गोष्ट वाईची. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मध्ये गॉथिक कादंबऱ्या वाचून डोके फिरलेली नायिका मध्यरात्री जुने कपाट उघडते, गुंडाळी सापडते, आणि सकाळी पाहते तर ती धोब्याची बिले! ऑस्टिनने केलेली ही थट्टा उत्तम आहे. पण वाईच्या एका वाड्यात पानिपतच्या काळातली पत्रे मिळाली आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा जुने कपाट उघडणाराच शहाणा ठरला. (आणि खरे सांगायचे तर १७५० सालची धोब्याची बिले मिळाली तरी आम्ही नाचू.) याच राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून मराठी कादंबरीकारांची झडती घेतली.

सांगलीजवळच्या समडोळीत १८८९ साली जन्मलेले आणि पुढे साताऱ्यातल्या कोरेगावात स्थायिक झालेले नारायण हरी आपटे हे या वाटेवरचे आणखी एक नाव. १९०९ मध्ये त्यांनी ‘अजिंक्यतारा’ ही कादंबरी लिहिली. त्यांच्याच ‘भाग्यश्री’वरून प्रभातने १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ काढला : बळी मागणारी देवी, अंधारे मंदिर, आणि राजाच्या हत्येचा कट करणारा राजगुरू. केशवराव दात्यांचा तो मराठी राजगुरू पाहून ठेवा. वॉलपोल बसलेला असता तर खुर्चीवरून उठला असता.

ताराबाईंच्या राजवाड्याचे अवशेष अजिंक्यताऱ्यावर आजही आहेत. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमापाशी, राजघराण्याच्या समाध्या आहेत. ताराबाईंचीही तिथेच, नदीच्या पात्रालगत. पावसाळ्यात जाऊ नका, पाणी चढते.

‘ओट्रँटो’ वाचणार असाल तर दोन्ही प्रस्तावना असलेली आवृत्ती घ्या. आधी पहिली, खोटी, प्रस्तावना वाचा, मग कादंबरी, आणि कबुलीची दुसरी प्रस्तावना सर्वांत शेवटी. एका रविवारी होते. पुढचा धागा जेजुरीच्या त्या शपथेवर आहे.